खुंटीला टांगलेली फळी

मराठी भाषेने खुंटीवर थोडासा अन्यायच केला आहे. एखाद्याने तत्त्वे सोडली की आपण म्हणतो, त्याने तत्त्वे खुंटीला टांगली. लाजलज्जा, नीतिनियम, दिलेला शब्द, असे सारे काही आपण बोलताबोलता खुंटीवर नेऊन ठेवतो. खुंटीला गेले ते कामातून गेले, असाच जणू आपला समज झालेला आहे. वस्तुतः ज्या घरांत ही भाषा लहानाची मोठी झाली, त्या घरांत खुंटी ही अडगळीची जागा मुळीच नव्हती. रोज हाताशी लागणारा कंदील, पावसातले इरले, शेतावर नेण्याची टोपली, रविवारी चर्चला जाताना घालावयाचा कोट, या साऱ्यांची जागा खुंटीवर असे. स्वयंपाकघरात आढ्याला शिंके टांगलेले असे आणि त्यात दही, दूध, लोणी सुखरूप राहत असे. शिंके तुटले तर बोक्याचे फावते, हे ठाऊक असल्यामुळे घरची गृहिणी शिंक्याची दोरी अधूनमधून तपासून पाही. अडगळ माळ्यावर जाई. जे उद्या लागणार, ज्याला ओल आणि उंदीर लागू द्यावयाचे नाहीत, ते मात्र टांगले जाई.

एकाच खुंटीचे हे दोन अर्थ, सोडून देणे आणि सांभाळून ठेवणे, आम्ही प्रथम नीट पाहिले ते एका परक्या देशात, आणि तेही अशा वस्तूच्या निमित्ताने की जिचा आमच्या जीवनाशी तोवर काडीचाही संबंध नव्हता. ती वस्तू म्हणजे सर्फबोर्ड, अर्थात समुद्राच्या लाटेवर उभे राहून किनाऱ्याकडे घसरत येण्याची फळी.

२०१७ सालच्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील सांता क्रूझच्या परिसरात एका धर्मग्रामात तीन महिने सेवा करण्याचा योग आम्हांस आला. तेथील धर्मगुरू रजेवर गेले की मिस्सा, पापनिवेदन, आजाऱ्यांच्या भेटी यांसाठी दूरदेशीचे धर्मगुरू बोलाविले जातात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेलच. आमच्या वाचकांना सांताक्रूझ म्हटले की मुंबईचे रेल्वे स्थानक आठवेल. अर्थ दोन्हींचा एकच, पवित्र क्रूस. हे गाव पॅसिफिक महासागराच्या काठी वसलेले आहे आणि तेथील लोकांना लाटेवर स्वार होण्याचे विलक्षण वेड आहे. धर्मग्रामस्थांच्या घरी जेवावयास जावे, तो गाडी ठेवण्याच्या गॅरेजमध्ये गाडी बाहेर आणि फळ्या आत! भिंतीवर फळ्या, छताखाली फळ्या, दारामागे फळ्या. लहान, मोठ्या, पिवळ्या, निळ्या, काही नव्या, काही ठिगळे लावलेल्या. आणि सगळ्या टांगलेल्या.

आमच्या यजमानांपैकी एक वृद्ध गृहस्थ सुतारकाम करून निवृत्त झालेले होते. त्यांचे पूर्वज पोर्तुगालच्या अधिपत्याखालील अझोर बेटांवरून व्हेल माशांच्या शिकारीच्या काळात या किनाऱ्यावर आले. त्यामुळे त्यांचे आडनाव ऐकून आम्ही चकितच झालो. ते आमच्या वसईतील कित्येक घरांचे आडनाव होते. 'फादर, आपण दोघे एकाच जहाजातून निघालो आणि वेगवेगळ्या बंदरांत उतरलो,' असे ते हसून म्हणाले. त्यांनीच आम्हांस फळ्या टांगण्याचे शास्त्र समजावून सांगितले. शास्त्र हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहोत.

आज पुष्कळशा फळ्यांच्या गाभ्यात हलका फोम असतो. त्याच्या मध्यभागातून बहुधा लाकडाची एक बारीक पट्टी गेलेली असते आणि वरून काचतंतूंचे कापड रेझिनमध्ये भिजवून चढविलेले असते. नऊ फूट लांबीची फळी सात-आठ किलोंपेक्षा फारशी जड नसते. लाटेचा मार ती सोसते. परंतु गॅरेजच्या फरशीवर आडवी पडली, वर कोणी सायकल टेकविली, की तिची कड फुटते. भिंतीशी नुसती उभी केली तर घसरून पडते आणि टोक मोडते. फुटलेल्या जागेतून पाणी आत शिरले की फोम ते धरून ठेवतो व फळी जड होते. म्हणूनच ती जमिनीवरून उचलून टांगावयाची.

टांगण्यापूर्वीची कामे अधिक महत्त्वाची, असे त्या सुतारबाबांचे सांगणे होते. समुद्रातून आणलेली फळी प्रथम गोड्या पाण्याने धुवावयाची, कारण मीठ राहिले तर तळाशी असलेल्या फिनचे स्क्रू गंजतात. मग ती सावलीत वाळवावयाची. कोठे चीर गेली असेल तर ती बुजविल्याखेरीज टांगावयाची नाही. पायाला बांधण्याची दोरी फळीभोवती गुंडाळून ठेवावयाची नाही, तिला पीळ बसतो. ती सरळ लोंबू द्यावयाची. आणि त्या दोरीनेच फळी खिळ्याला अडकविण्याचा आळस तर कधीच करावयाचा नाही. दोरी जेथे अडकविलेली असते ती लहानशी वाटी रात्रंदिवस सगळे वजन पेलण्यासाठी बसविलेली नसते.

फळी आडवी टांगावयाची असेल तर तिच्या लांबीचे चार भाग कल्पावेत आणि दोन्ही टोकांकडून एकेक भाग सोडून दोन आधार द्यावेत. म्हणजे भार सारखा वाटला जातो. आधाराच्या दांड्यांना जुन्या गालिच्याचा तुकडा किंवा फोम गुंडाळावा. छताला टांगावयाची असेल तर बारीक दोरी घेऊ नये, ती कडेत रुतते. रुंद पट्टे घ्यावेत. अमेरिकेतील घरांच्या भिंती बहुधा आतून पोकळ असतात. लाकडी खांब साधारणतः सोळा-सोळा इंचांवर उभे केलेले असतात आणि त्यांवर जिप्समचे तावदान ठोकलेले असते. त्या नुसत्या तावदानाला फळीचा भार सोसत नाही. सुतारबाबा बोटांच्या पेरांनी भिंत ठोकत जात. आवाज भरीव झाला की थांबत आणि तेथे स्क्रू बसवीत. आपल्याकडच्या विटांच्या भिंतीलाही हाच न्याय लागू आहे. नुसत्या गिलाव्याच्या जिवावर काही टांगू नये. त्यांच्या प्रत्येक आधाराचे टोक वर वळलेले होते आणि फळीवरून एक पट्टा आवळलेला होता. कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, '१९८९ सालचा भूकंप, फादर.' त्या वर्षीच्या १७ ऑक्टोबरला ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचा केंद्रबिंदू सांता क्रूझच्याच डोंगरांत होता. बिछान्याच्या वर आणि दाराच्या वर फळी कधी टांगू नये, हे तेव्हापासून त्या घराचे व्रत झाले आहे.

समुद्राच्या फळीशेजारी बर्फावरची फळीही होती. तिला पोलादी कड असते. हिवाळा संपला की ती कड कोरडी पुसून, तळाला मेणाचा जाडसर थर देऊन ती टांगतात. पुढच्या हिवाळ्यात ते मेण खरवडून काढतात. नातवंडांचे चाकांचे स्केटबोर्ड दोन खुंट्यांवर चाकांच्या दांड्यांनी अडकविलेले होते. त्यांच्या फळ्या मेपल लाकडाचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून केलेल्या असतात. ओलसर फरशीवर पडून राहिल्या तर थर सुटतात. प्रत्येक वस्तूचा स्वभाव ओळखून तिची खुंटी ठरविलेली होती.

ही टापटीप अमेरिकन संपन्नतेतून आली असावी, असा आमचा प्रथम ग्रह झाला. पुढे वाचन केले तेव्हा कळले की तिची पाळेमुळे फार दूरवर गेलेली आहेत. या खेळाचे माहेर हवाई बेटे. तेथील राजे, स्त्रिया, सामान्य जन, सारेच लाटांवर खेळत. विल्यम एलिस नावाचे एक इंग्रज मिशनरी १८२३ साली हवाईच्या मोठ्या बेटावर फिरले आणि त्यांनी तेथील जीवनाचे बारकाईने वर्णन लिहून ठेवले. त्यात फळ्यांची निगा कशी राखली जाई याचीही नोंद आहे. खेळून झाल्यावर लाकडी फळी उन्हात पूर्ण वाळवीत, तिला खोबरेल चोळीत, पुष्कळदा कापडात गुंडाळीत आणि राहत्या घरात टांगून ठेवीत. दोनशे वर्षांपूर्वीची ही रीत आणि सुतारबाबांची रीत यांत फरक तो काय? लाकूड जाऊन फोम आला, म्हणून ऊन जाऊन सावली आली. धुणे, वाळविणे, तपासणे आणि टांगणे हा क्रम जसाच्या तसा राहिला. आमच्याकडे नारळीपौर्णिमेपूर्वी होडीला तेल पाजणारा कोळी बांधव ही नोंद वाचील तर त्यास ती परकी वाटणार नाही.

परंतु टांगण्याच्या दुसऱ्या अर्थाची साक्षही हवाईनेच दिली आहे. एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलेल्या रोगांनी त्या बेटांवरील मूळ रहिवाशांची संख्या भयंकर घटली. जुने जीवन विस्कटले आणि त्याबरोबर हा खेळही ओसरला. अबनर पाकी नावाचे एक थोर सरदार होते. १८५५ साली ते निवर्तले. त्यांच्या सुमारे सोळा फुटी अजस्र फळ्या मागे राहिल्या. त्यांची कन्या बर्नीस पौआही बिशप. तिच्या स्मरणार्थ तिच्या पतीने १८८९ साली होनोलुलू येथे बिशप संग्रहालय स्थापन केले. येथे 'बिशप' हे आडनाव आहे, पद नव्हे. पाकींच्या फळ्या या संग्रहालयात आल्या. टॉम ब्लेक नावाच्या तरुण जलतरणपटूने पुढे लिहून ठेवले आहे की या फळ्या कित्येक वर्षे इमारतीच्या बाहेरच्या दगडी भिंतीला तारेने बांधलेल्या होत्या आणि त्यांवर जुनाट तांबूस रंग चढविलेला होता. त्या टांगलेल्या तर होत्याच. पण ते टांगणे आपल्या म्हणीतले होते.

ब्लेकने १९२६ सालच्या सुमारास त्या फळ्या उतरविल्या, घासूनपुसून त्यांचे मूळ लाकूड पुन्हा प्रकाशात आणले आणि त्यांच्या घडणीचा अभ्यास केला. तशीच फळी स्वतः घडविताना ती फार जड होते, हे पाहून त्याने तिला भोके पाडून पोकळ करण्याचा प्रयोग केला. त्यातून पोकळ फळी जन्मास आली. १९३२ साली तिचे पेटंटही त्यास मिळाले. ही हलकी फळी पाण्यातून वेगाने नेता येई. त्यामुळे किनाऱ्यावरील जीवरक्षकांनी ती आपलीशी केली आणि बुडत्यांना वाचविण्याच्या कामी ती लागली. फळीने माणसे कशी वाचतात हे त्याआधीच दिसून आले होते. १९२५ सालच्या जून महिन्यात कॅलिफोर्नियाच्या न्यूपोर्ट बीच येथे एक नौका उलटली, तेव्हा हवाईचे ऑलिंपिक जलतरणपटू ड्यूक कहानामोकू यांनी आपल्या फळीवरून आठ जणांना किनाऱ्यावर आणले. पाकींच्या फळ्या तारेला बांधलेल्याच राहिल्या असत्या, तर ब्लेकच्या हातून ती पोकळ फळी घडली असती काय? कोणी तरी जुनी वस्तू खाली उतरवून हातात घेतली, म्हणूनच तिच्यापासून नवे काही शिकता आले.

मग केवळ पाहण्यासाठी वस्तू टांगणे व्यर्थच समजावे काय? तसेही आम्हांस वाटत नाही. सांता क्रूझच्या किनाऱ्यावर विटांचे एक छोटे दीपगृह आहे. १९६५ साली लाटांवर खेळताना जवळच्या समुद्रात अठरा वर्षांचा एक तरुण बुडाला. त्याच्या आईवडिलांनी त्याच्या स्मरणार्थ १९६७ साली ते दीपगृह उभारले. १९८६ पासून त्यात लाटांवरील खेळाचे संग्रहालय आहे. आत भिंतींवर जुन्या लाकडी फळ्यांपासून अलीकडच्या फळ्यांपर्यंत सारा इतिहास मांडलेला आहे. शार्क माशाने चावा घेतलेली एक फळीही तेथे आहे आणि तिच्यासमोर मुले श्वास रोखून उभी राहतात. १८८५ साली हवाईच्या राजघराण्यातील तीन बंधू शिक्षणासाठी कॅलिफोर्नियात आले होते. याच गावातल्या नदीच्या मुखाशी त्यांनी रेडवुड लाकडाच्या फळ्यांवरून लाटा पार केल्या. मुख्य भूमीवर हा खेळ खेळला गेल्याची ही सर्वांत जुनी नोंद मानतात. त्यांपैकी दोन फळ्या होनोलुलूच्या संग्रहालयात जपलेल्या होत्या. २०१५ साली त्या काही काळ सांता क्रूझला आणून लोकांना दाखविण्यात आल्या. एकशे तीस वर्षांनी त्या फळ्या आपल्या पहिल्या पाण्याजवळ परतल्या.

दर्शनासाठी टांगण्याची ही परंपरा ख्रिस्तमंदिरांनाही अपरिचित नाही. फ्रान्समधील मार्सेय बंदरावरच्या टेकडीवर नोत्र दाम द ला गार्द हे मरियामातेचे प्रसिद्ध मंदिर आहे. त्याच्या छताला जहाजांच्या लहानलहान प्रतिकृती टांगलेल्या आहेत. वादळातून वाचलेल्या खलाशांनी, त्यांच्या घरच्यांनी कृतज्ञतेपोटी त्या अर्पण केल्या. ते जहाज कधी पाण्यात जाणार नसते. पण खाली गुडघे टेकणाऱ्या माणसाला ते सांगत असते की तुझ्याआधी एक जण बुडता बुडता वाचला आहे. पाहण्यासाठी टांगलेली वस्तू पाहणाऱ्याला काही सांगत असेल, तर तिचे काम संपलेले नसते.

हे सारे आम्ही पुस्तकांतून वाचले. पण टांगलेल्या फळीचा खरा प्रश्न आमच्यासमोर त्या सुतारबाबांच्या गॅरेजमध्येच उभा राहिला.

तेथे सर्वांत वर, छताच्या अगदी जवळ, एक पांढरी फळी एकटीच टांगलेली होती. तिच्याबद्दल त्यांनी पहिल्या भेटीत काहीच सांगितले नाही. दुसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी ते म्हणाले, 'ती आमच्या मुलाची.' हा मुलगा सहा वर्षांपूर्वी थोडक्या आजाराने निवर्तला होता. आजारी पडण्याच्या आठवड्यात तो समुद्रावरून परतला, त्याने फळी धुतली, वाळविली आणि टांगली. तेव्हापासून ती तशीच होती. लाटेवर पाय घसरू नये म्हणून फळीच्या पाठीवर मेण घासतात; त्या मेणात उभे राहणाऱ्याच्या पावलांचे ठसे उमटतात. मुलाच्या पावलांचे ठसे त्या मेणात तसेच होते. त्याची आई वर्षातून एकदा शिडी लावून वर चढे आणि ते पाही.

आता त्यांची पंधरा वर्षांची नात, मृत मुलाच्या बहिणीची मुलगी, ती फळी मागत होती. तिला दुसरी घेऊन देणे त्या कुटुंबाला अवघड नव्हते; पण तिला मामाची हवी होती. आजीने नकार दिला होता. नातीने हट्ट सोडला होता. मात्र तिचे आजीकडे येणेही कमी झाले होते. सुतारबाबा दोघींच्या मध्ये सापडले होते. 'तुम्ही माझ्या बायकोशी बोला, फादर. तुमचे ती ऐकेल.'

वाचकहो, अशा वेळी धर्मगुरूने काय सांगावे? नव्या पिढीसाठी जुन्याचा मोह सोडावा, हे व्याख्यान देणे सोपे होते. परंतु आईला तिच्या मुलाच्या पावलांचे ठसे पुसून टाक, असे सांगण्याचा अधिकार कोणास आहे? बाबिलोनच्या बंदिवासात गेलेल्या लोकांनी आपल्या वीणा झाडांना टांगल्या, असे स्तोत्रकर्ता म्हणतो. त्यांनी त्या मोडल्या नाहीत, फेकल्याही नाहीत. गाता येत नव्हते म्हणून टांगल्या. त्या आईचेही तसेच होते. आम्ही तिला काहीच सांगितले नाही. इतकेच म्हणालो की, एकदा ती फळी खाली उतरवून पाहू या, निर्णय नंतर. आमची इच्छा होती की तिने शिडीवरून चोरून पाहण्याऐवजी एकदा ती मांडीवर घेऊन पाहावी.

फळी खाली आली तेव्हा सुतारबाबांचा चेहरा उतरला. छताखालची जागा गॅरेजमध्ये सर्वांत तापते. सहा उन्हाळ्यांच्या उष्णतेने फळी पिवळी पडली होती, मेण एका बाजूला ओघळले होते; ठसे अर्धेअधिक विरघळून गेले होते. शेपटीजवळ हाताच्या तळव्याएवढ्या जागेत वरचा थर फोमपासून सुटून फुगला होता. सर्वांत सुरक्षित म्हणून जी जागा निवडली होती, तीच जागा फळीला खात होती. आजी बराच वेळ त्या फुगवट्यावर हात फिरवीत राहिली. मग नवऱ्याला म्हणाली, 'हे दुरुस्त होते का?' 'होते,' तो म्हणाला. 'पण मेण काढावे लागेल.'

मेण तिने स्वतः काढले. प्लॅस्टिकच्या पट्टीने, हळूहळू, दोन दुपारी बसून. खरवडलेले मेण तिने एका छोट्या डबीत भरून ठेवले. आणि मेण निघाल्यावर जे दिसले ते आम्हांला कोणालाच अपेक्षित नव्हते. फळीच्या पाठीवर, काचतंतूंच्या थरातच, टाचांचे उथळ खळगे होते. वर्षानुवर्षे एकाच जागी पाय रोवल्याने असे खळगे पडतात, असे सुतारबाबांनी सांगितले. मेणातले ठसे एका दिवसाचे होते. हे खळगे वीस वर्षांच्या स्वारीचे होते आणि ते कोणी खरवडून काढू शकत नव्हते. आजीने त्यांत बोटे ठेवली. मग उठून तिने नातीला फोन केला.

दुरुस्तीला आठवडा लागला. सुटलेला थर कापून, रेझिन भरून, वर नवे कापड चढवून सुतारबाबांनी ते ठिगळ गुळगुळीत केले. नातीने फळीवर नवे मेण घासले. एका सकाळच्या मिस्सानंतर आम्हीही किनाऱ्यावर गेलो. मुलगी तीनदा पडली, चौथ्यांदा उभी राहिली. आजी वाळूवर खुर्ची टाकून बसली होती. ती एक शब्दही बोलली नाही. घरी परतल्यावर नातीने फळी धुतली, पुसली आणि आपण कोठे टांगावी म्हणून आजोबांकडे पाहिले. तेव्हा आजीच म्हणाली, 'वर नको. हिचा हात पोहोचेल अशी लाव.' सुतारबाबांनी भिंत ठोकून पाहिली आणि नातीच्या खांद्याच्या उंचीवर दोन नवे आधार बसविले.

टांगण्याविषयी आम्हांस जे काही कळले ते त्या उंचीत आहे. ज्या उंचीवर कोणाचाच हात पोहोचत नाही, तेथे वस्तू सुरक्षित वाटते. पण तेथे ती कोणाच्या नजरेसही पडत नाही आणि तिचे काय होत आहे हे वेळेवर कळत नाही. जी अधूनमधून खाली येते, तिची चीर दिसते, तिचा गंज दिसतो, तिची दुरुस्ती होते. प्राचीन हवाईवासीयांची फळी घरात टांगलेली राहिली, कारण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पाण्यात जाणार होती. पाकींची फळी भिंतीला बांधलेली राहिली, कारण तिला कोणी पाण्यात नेणार नव्हते. आणि जी वस्तू खरोखरच पुन्हा वापरता येणार नाही, तिला निदान अशी जागा द्यावी की जेथे तिच्यासमोर येणाऱ्या मुलाला तिची कथा ऐकता येईल.

आपल्याकडे सर्फिंग आता अगदीच नवलाईचे राहिलेले नाही. २०२१ साली पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रथमच समावेश झाला. कर्नाटकातील मुल्की येथे आणि उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावर तरुण मुले तो शिकत आहेत. आमच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी फळी आलीच, तर वरील सूचना उपयोगी पडाव्यात. आपल्या हवेत एक काळजी अधिक घ्यावी: पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते, म्हणून फळी आतल्या भिंतीला टांगावी आणि भिंत व फळी यांच्यामध्ये वारा खेळेल इतके अंतर ठेवावे.

परंतु आपल्या बहुतेक धर्मग्रामांत खेळाची फळी म्हणजे कॅरम बोर्ड. आमच्या सभागृहातही चार बोर्ड आहेत, त्यांपैकी दोन फार जुने. ज्यांनी ते प्रथम वापरले त्यांतील काही जण आता दफनभूमीत विसावले आहेत. चारही बोर्ड दारामागे एकमेकांना टेकवून तिरपे उभे असत. अशाने बोर्डाला बाक येतो, पावसाळ्यात प्लायवूड फुगते आणि सोंगटी नेमकी भोकाजवळ येऊन वळते. कॅलिफोर्नियाहून परत आल्यावर आम्ही युवक मंडळाच्या मुलांना सुतारबाबांची पद्धत सांगितली. मुलांनी आतल्या भिंतीला प्रत्येक बोर्डासाठी दोन जाड सागवानी खुंट्या बसविल्या, भिंतीपासून अंतर राहावे म्हणून मागे लाकडाचे ठोकळे लावले आणि शिंप्याकडून मेणकापडाचे अभ्रे शिवून घेतले. बोर्ड जड, म्हणून खुंट्या किती उंचावर असाव्यात यावर बैठकीत पुष्कळ चर्चा झाली. उंचावर ठेवले तर लहान मुले हात लावणार नाहीत, बोर्ड अधिक टिकतील, असे काही वडीलधाऱ्यांचे मत पडले. शेवटी दोन लहान मुलांना मिळून उचलता येईल अशी उंची ठरली, जमिनीपासून तीन फूट.

संध्याकाळी रोझरी आटोपली की मुले येतात, अभ्रे काढतात, बोर्ड उतरवितात. खेळून झाल्यावर पावडर पुसतात आणि पुन्हा टांगतात. मोठ्यांपैकी कोणी सांगावे लागत नाही.